खळग्यातलं पाणी कुणाचं

४ सप्टेंबर

धाकल्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पाकिटावरचं अक्षर ओळखून निदान एक शिवी तरी हासडशील. तेवढी चालेल मला.

मी बरी आहे, गुडघे सोडले तर. डिसेंबरअखेर नोकरी संपते. सदतीस वर्षं झाली नकाशा विभागात, त्याच खिडकीशी, त्याच उतरत्या टेबलावर. आता सगळं कॉम्प्युटरवर काढतात. मला ठेवलंय ते जुन्या नकाशांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायला. पोरं माझ्यामागे मला ‘रेघाताई’ म्हणतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही.

बरं, एक काम होतं. तुझ्या झऱ्याचं पाणी जोराच्या पावसानंतर गढूळ होतं का? होत असेल तर किती वेळानं? एवढंच कळव. कार्डावर दोन ओळी पुरेत.

का विचारतेय ते सांगते, नाहीतर तू म्हणशील, अकरा वर्षांनी हिला एकदम झऱ्याचा पुळका कसा आला. डोंगरावरच्या खळग्यात शहराचा कचरा टाकायचं घाटतंय. दहा नोव्हेंबरला बैठक आहे, तीत पक्कं होईल. खळग्यातला ओढा कुठं बाहेर पडत नाही, घशात जातो, हे तुला सांगायला नकोच. (घसा म्हणजे घसा, हे ऑफिसात समजावताना माझी पुरेवाट झाली. जमिनीतल्या भोकाला असं नाव ठेवणारं आपलंच घर.) नकाशावर पाणलोटाची रेघ खळग्याच्या पलीकडच्या काठावरून जाते. म्हणजे खळग्यात पडलेलं पाणी आमच्या नदीचं, आणि तेही शहराच्या खाली मिळतं, जिथं कुणी पीत नाही. रेघेच्या पलीकडचं तेवढं तुमच्या नदीचं. तेव्हा तुझ्या टाक्यांतल्या माशांना काही धोका नाही. तरी आपलं विचारलं.

वहिनीला आणि चिमणीला आठवण सांग. तुझी लेक आता नोकरीला लागली असेल.

ताई


१६ सप्टेंबर

धाकल्या,

वहिनीचं कार्ड मिळालं. तिनं लिहिलंय, “वर पाऊस झाला की आमचा झरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गढूळ होतो. दर वर्षी होतो. यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. उठून टाक्यांकडे गेले.”

तू उठून गेलास हे लिहिण्याची गरज नव्हती, पण तिनं लिहिलं. चांगली बाई आहे, तुझ्या वाट्याला कशी आली कोण जाणे.

कार्ड वाचून मला रात्रभर झोप नाही. सकाळी ऑफिसातल्या इंजिनीअरबाईंना म्हटलं, मला खळग्यात घेऊन चला. ती चिमणीच्याच वयाची असेल. म्हणाली, “ताई, गुडघे?” मी म्हटलं, गुडघे मी बघते, तू गाडी बघ.

खळगा तसाच आहे रे. चुनखडीचे ते पांढरे दात तसेच गवतातून वर आलेत. ओढा भरून वाहत होता. घशाच्या तोंडाशी पाणी गोल फिरतं आणि ‘गुडुप’ करतं, ते तू लहानपणी तोंडानं काढून दाखवायचास. इंजिनीअरबाई काठावर उभी राहिली आणि म्हणाली, “खळग्याचा उतार तर सरळ आपल्या बाजूला आहे. नकाशा बरोबरच वाटतो.” बाबासुद्धा हेच म्हणायचे. वरून बघणारा कुणीही हेच म्हणेल. पण पाणी एकदा घशात गेलं की वरच्या उताराला कोण विचारतो? आत खडकाला ज्या फटी असतील तिकडं जायचं.

मी नुसती मान हलवली. परत येताना गाडीत डोळे मिटून बसले. ती बिचारी घाबरली, मला चक्कर आली की काय म्हणून पाणी देत होती.

आता ऐक. बाबांची ती मोजणीची वही हरवलेली नाही. तिला कसर लागलेली नाही, आणि रद्दीतही गेलेली नाही. बाबा गेल्यावर तू म्हणालास, “घर तुझं, सामान तुझं, मला फक्त बाबांची ती वही दे.” आणि मी तोंड वर करून सांगितलं की वहीला कसर लागली, टाकून दिली. तू उंबऱ्यातच चप्पल घातलीस आणि गेलास. ती वही माझ्या कपाटात आहे, चादरींच्या खाली.

का दिली नाही ते पुढच्या पत्रात लिहिते. आज हात थांबतोय.

ताई


२१ सप्टेंबर

धाकल्या,

चार कागद फाडले. आता जे येईल ते येईल.

तुला सगळं आठवतं, मला ठाऊक आहे. तरी माझ्या बाजूनं एकदा सांगू दे. मी पंधराची, तू दहाचा. बाबा मोजणीदार. खळग्यातलं पाणी कुठं निघतं ते त्यांना रंग टाकून बघायचं होतं. दोनच झरे एवढे मोठे होते, अलीकडे जुन्या धोबीघाटामागचा आणि पलीकडे मावशीच्या घराखालचा, जो आज तुझा आहे. हाताखाली माणूस मिळेना, म्हणून बाबांनी आपल्याला कामाला लावलं. मी इकडच्या झऱ्यावर, तू मावशीकडे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जुन्या नकाशाच्या कागदाच्या चिठ्ठ्या, खळ. दिवसभर दर तासाला एक बाटली भरायची, वेळ लिहायची, बूच लावायचं. “काहीही झालं तरी जागा सोडायची नाही,” हे बाबांनी तुला तीनदा बजावलं आणि मला एकदाही नाही. मी शहाणी ना!

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी घशात रंगाची पूड ओतली. संध्याकाळपर्यंत माझं पाणी स्वच्छ. बाबा रात्री जेवले नाहीत. त्यांची खात्री होती की रंग माझ्याकडंच येणार. वरिष्ठांना त्यांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यांना निकाल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवा होता. आई म्हणत होती, “येईल हो उद्या.” मला त्यांचं ते न जेवणं बघवेना.

रिकाम्या पुडीच्या कागदाला थोडी पूड चिकटली होती. कोरडी असते तेव्हा विटकरी दिसते, पाण्यात पडली की हिरवी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या बाटलीत मी काडीच्या टोकावर मावेल एवढी टाकली. धाकल्या, मी टाकली. झऱ्यातून काही आलं नव्हतं. बाटली अशी हिरवीगार झाली की मीच दोन पावलं मागं सरले. बाबांनी ती उजेडात धरली, बराच वेळ धरली. “इतकं हिरवं?” म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी वहीत लिहिलं, वरिष्ठांना तार केली, आणि मला जवळ घेतलं.

संध्याकाळी तू आलास. डोंगर ओलांडून, पळत, गुडघे फुटलेले, हातात बाटलीचा नुसता गळा. “बाबा, माझ्याकडं हिरवं आलं! सव्वातीनला आलं!” वाटेत पडलास आणि बाटली फुटली. मावशीला विचारावं तर तिचे डोळे तेव्हाच अधू, हिरवं आणि निळं तिला सारखंच. बाबा म्हणाले, “जागा का सोडलीस? बाटली कुठंय?” आणि मग ती थप्पड. “ताईचं बघून तुलाही हिरवं दिसायला लागलं का?”

मी तिथंच उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मला नाही उघडता आलं.

आता जे तुला माहीत नाही ते. पूड माझ्या बोटांना लागली होती. हात ओले केले की पाणी हिरवं व्हायचं. तीन दिवस मी कुणासमोर हात धुतले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं मोरीत पाहिलं. फक्त म्हणाली, “भांडी तू नको घासू. धाकट्याला घासू दे, खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून.” पुढच्या तीन दिवसांची भांडी तू घासलीस. स्टुलावर उभा राहून, नाक ओढत. आईनं मला वाचवलं आणि तुला बुडवलं, आणि ते तिला कळत होतं. तू जेवायला बसलास की ती तुझ्या ताटात न मागता दुसऱ्यांदा वाढायची, आठवतं?

मग पुढं काय, घरभर तुझं नाव ‘हिरवा’ पडलं. तू खरं सांगितलंस तरी मामा डोळा मारायचे, “हिरवं आहे का रे?” मीही हसले आहे त्या थट्टेवर. हे लिहिताना माझीच मला घाण वाटते.

सहा वर्षांनी मी नोकरीला लागले. पहिलं काम काय मिळावं? पाणलोटाचा पक्का नकाशा शाईनं काढायचा. बाबांच्या नोंदीवरून. ती पलीकडच्या काठावरची रेघ माझी आहे, धाकल्या. हात एवढासुद्धा हलला नाही, साहेबांनी शाबासकी दिली. वही तुला दिली नाही ती यासाठीच, तिच्यात माझी ती नऊची नोंद आहे.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते तू ठरव. पण ती रेघ तिथं राहिली तर कचऱ्यातून झिरपलेलं सगळं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या टाक्यांत येईल. आणि तुझ्याखालच्या चार वस्त्या त्याच झऱ्यावर पाणी भरतात.

ताई


९ ऑक्टोबर

धाकल्या,

तुझं उत्तर नाही. असू दे. मीही त्रेचाळीस वर्षं लावली, तुझे पंधरा दिवस कुठं मोजू?

ऑफिसात सांगितलं. इंजिनीअरबाईंच्या टेबलासमोर उभी राहून, शाळेतल्यासारखी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “ताई, नकाशा चुकलाय यावर माझा विश्वास बसतो. पण बैठकीत मी काय सांगू? तुम्हीच म्हणताय की तुमच्या म्हणण्यावर भरवसा ठेवू नका.” एरवी मी हसले असते. बाहेर आले तर पोरांच्या गप्पा बंद. रेघाताई म्हणायचं त्यांनी सोडलंय, आता नुसतं ‘मॅडम’. डिसेंबरच्या निरोपसमारंभाची यादी फळ्यावर लागली होती, ती कुणीतरी काढून ठेवलीय. चालायचंच.

म्हणजे एकच उपाय उरतो. पुन्हा रंग टाकायचा. सत्तावीस तारखेला सकाळी सात वाजता. इकडच्या झऱ्यावर मी आणि ऑफिसचे एक गृहस्थ, म्हणजे माझ्यावर नजर ठेवायला. मीच मागून घेतले. तुझ्या झऱ्यावर एक तंत्रज्ञ येईल. आता कोळशाच्या पुरचुंड्या पाण्यात सोडतात आणि नंतर यंत्रात तपासतात, डोळ्यांना न दिसलेला रंगही त्यात सापडतो. या रंगानं मासे मरत नाहीत, माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तंत्रज्ञ कागद घेऊन येईल, तो वाच. पण झरा तुझ्या जागेत आहे. तू फाटक उघडलं नाहीस तर चाचणी होणार नाही, आणि दहा तारखेला जुन्या रेघेवर शिक्कामोर्तब होईल. फाटक तेवढं उघड. माझं तोंड बघू नकोस हवं तर.

वही मी आज उघडली. अकरा वर्षं चादरीखाली ठेवली, पण उघडून पाहायची हिंमत नव्हती. पान बासष्ट. वर माझी नोंद, “अलीकडचा झरा. दुसरा दिवस, सकाळी नऊ. गडद हिरवं.” ‘गडद’ या शब्दाखाली बाबांनी दोन रेघा ओढल्यात. डोंगराच्या पोटातून एवढं अंतर आलेला रंग गडद कसा असेल? तो फिकाच असायला हवा. मोजणीदाराला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल! त्यानंतर बाबांनी मला पुन्हा कधी कामावर बरोबर नेलं नाही. मला वाटायचं, मी मोठी झाले म्हणून.

आणि त्याखाली, पेन्सिलीनं, “पलीकडचा झरा. दुसरा दिवस, दुपारी सव्वातीन. हलकं हिरवं. धाकटा सांगतो. बाटली नाही.” त्यावर एक रेघ मारलेली. एकच. बाबांचा नियम तुला माहीत आहे, वहीत खोडरबर लावायचा नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तुझी नोंद त्यांनी लिहून ठेवली होती, धाकल्या. ‘हलकं’ हा तुझा शब्द होता, आणि त्यांनी तो जसाच्या तसा लिहिला. आजही स्वच्छ वाचता येतो.

वही रजिस्टर पोस्टानं पाठवत नाहीये. मी स्वतः आणीन, तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणालास तर वहिनीच्या हाती देईन.

ताई


२८ ऑक्टोबर, धोबीघाटामागून

धाकल्या,

फाटक उघडलंस, हे तंत्रज्ञानं काल सकाळी कळवलं. माझा जीव भांड्यात पडला. पुढं म्हणाला, “मालक लांब कट्ट्यावर बसून बघतात.” बघ बाबा, लांबून बघ.

आज दुसरा दिवस. मी घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यावर पॅड घेऊन लिहितेय. शेजारी माझ्यावर नजर ठेवणारे गृहस्थ. स्वभावानं भले आहेत, पण दर पाच मिनिटांनी माझ्या हातांकडं बघतात. मी त्यांना दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. ते ओशाळले.

धोबीघाट बंद पडलाय. दगड तेवढे राहिलेत, कपडे आपटून गुळगुळीत झालेले. दर तासाला बाटली भरते, चिठ्ठी लावते. तासागणिक अक्षर जास्तच बिघडतंय. पाणी स्वच्छ आहे. सकाळी नऊला स्वच्छ. हे मला त्या दिवशी लिहिता आलं असतं. ‘नऊ वाजता, स्वच्छ.’ बास, तीनच शब्द. बाबा एक दिवस उपाशी राहिले असते, एवढंच.

सव्वातीन झाले. साडेतीन. तुझ्या दरीत फोनला रेंज नाही, तंत्रज्ञ निरोपाला टेकडीवर चढतो. अजून काही कळलं नाही.

साडेपाच. नाही. इंजिनीअरबाई येऊन गेली, म्हणाली, “आता ओढ्याला पाणी कमी आहे, ताई, वेळ लागेल.” तोंडानं म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मी खरं सांगितलं आणि तेही खोटं ठरलं तर? तुझा रंग त्या दिवशी खरोखर आला होता की नाही, हे तुझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी फक्त तुझ्या शब्दावर उभी आहे. बरं का, भीती वाटते, पण संशय येत नाहीये.

उद्या पुन्हा इथंच.

ताई


२ नोव्हेंबर

धाकल्या,

बाटली मिळाली.

तंत्रज्ञानं काय काय सांगितलं ते तुला सांगते, कारण तू स्वतः कधी सांगणार नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला तो चिठ्ठी लिहीत होता, आणि तू कट्ट्यावरून उठलास. त्याच्या खांद्यावरून पाण्यात पाहिलंस. त्याच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतलीस, स्वतः भरलीस, बूच दाबलंस. त्यानं मागितली तर दिली नाहीस. “मग पळत सुटले असतील?” मी विचारलं. “नाही हो,” म्हणाला, “तिथंच खाली बसले. बाटली मांडीवर घेऊन. गाडी येईपर्यंत तीन तास हलले नाहीत. बाईसाहेब जेवायला बोलवून गेल्या तरी नाही.”

मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. रडले म्हणजे भोकाड पसरलं. इंजिनीअरबाईनं दार लावून घेतलं, पण ऐकू सगळीकडं गेलंच.

कोळशाच्या पुरचुंड्यांचा निकालही आला. तुझ्याकडच्या सगळ्यांत रंग, माझ्याकडच्या एकीतही नाही. बैठक दहाला होईल, पण खळगा यादीतून गेला. कचऱ्यासाठी दुसरी जागा शोधतायत. आणि काल संध्याकाळी इंजिनीअरबाईनं मला कॉम्प्युटरवरची नवी रेघ दाखवायला बोलावलं. ती खळग्याच्या अलीकडच्या काठावरून जाते आता. अख्खा खळगा तुमच्या नदीचा. “तुम्ही काढता?” म्हणून तिनं ते उंदीर की काय ते माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, नको, माझी एक रेघ पुरे झाली.

वहीत मात्र मीच लिहिलं. माझ्या ‘गडद हिरवं’वर एक रेघ मारली, बाजूला सही आणि तारीख. तुझ्या नोंदीवरची बाबांची रेघ मला पुसता येत नाही, नियमच आहे. म्हणून तिच्याखाली लिहिलं, “वरील नोंद बरोबर आहे. बाटली आहे.”

बाटली माझ्या टेबलावर, खिडकीत ठेवलीय. पाणी फिकट हिरवं आहे. खिडकीतून ऊन पडलं की दिसतं, नाहीतर दिसतही नाही. हलकं, अगदी तू म्हणाला होतास तसं. चिठ्ठीवर वेळ आहे, जागा आहे, ‘नोंद करणारा’ पुढं तुझं नाव आहे, आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात एक ओळ. ती मी आधी पाहिलीच नव्हती, तंत्रज्ञानं दाखवली.

“तीन दिवसांची भांडी बाकी आहेत. येऊन घास.”

शनिवारच्या पहिल्या गाडीनं येते. वही घेऊन. वहिनीला सांग, शुक्रवारपासून एक ताटसुद्धा धुवायचं नाही.

तुझी ताई